भाव हलला तोवर सौदा झाला होता

हे सट्ट्याचं प्रकरण सांगलीचं आहे, आणि ज्याचं आहे त्याला विचारूनच लिहितोय. त्याचं नाव, दुकानाचं नाव, बँकेचं नाव देणार नाही. तालमीत त्याला सगळे पैलवान म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो.

मी मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे हिशेब बघतो. एप्रिल २०२४ मध्ये, हळदीची आवक ऐन भरात असताना, एका मालकांचा फोन आला. "दिवाणजीचं खातं गोठलंय. हमालांचे पैसे त्याच्याच मोबाईलवरनं जायचे, ते पण अडकलेत. तुम्ही जरा बसा त्याच्याबरोबर, मला काय ते नीट सांगंना."

दिवाणजी म्हणजे पैलवान. वय २७. कृष्णेकाठच्या एका गावातला, बारावीनंतर पाच वर्षं तालमीत काढलेला, ७४ किलोत खेळायचा. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. घरचं दीड एकर, म्हणून यार्डात नोकरी. हिशेबाला चोख. मालकांनी त्याच्यावर गल्ला टाकून गावाला जावं, इतका विश्वास.

तो एक जाड वही घेऊन आला. बँकेचं स्टेटमेंट मी मागितलं होतं, वही मी मागितली नव्हती.

वहीत ४१ पैजा होत्या, ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४. प्रत्येकीला तारीख, लढत, मंगळवारचा भाव, शुक्रवारचा भाव, लढतीआधीचा भाव, लावलेले पैसे, निकाल. क्रिकेटवर एकही नाही, सगळ्या एमएमएच्या, म्हणजे पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींच्या, बहुतेक यूएफसी या अमेरिकन कंपनीच्या. इतका नीट ठेवलेला सट्ट्याचा हिशेब मी आजवर बघितला नव्हता. नफ्यातल्या धंद्याचेही बघितले नाहीत, हे जाता जाता सांगतो.

"काका, क्रिकेटमधी काय चालतं आपल्याला काय ठावं? पर कुस्ती मला कळतीया," तो म्हणाला.

खोटं नव्हतं. कुस्तीतून आलेल्या माणसाला पिंजऱ्यातली लढत बघताना निम्मं आपोआप वाचता येतं. कोण पट काढायला जाणार, कोणाची कंबर जड आहे, कोण दुसऱ्या राउंडनंतर हात खाली सोडणार, हे तो बसल्या जागी सांगायचा. खबीब नुर्मागोमेदॉव्ह हा त्याचा देव. २९ लढती, २९ विजय, आणि त्याचा पाया कुस्तीचा. पण एमएमएत पाठ टेकली म्हणजे संपलं असं नसतं. खाली पडलेला माणूस तिथूनच गळा आवळतो, हात मोडायला घेतो. आणि पंच गुण देताना नुसतं खाली पाडण्याला फारसं मोल देत नाहीत, खाली पाडून पुढे काय केलंस ते बघतात. पैलवानाने सुरुवातीला गमावलेल्या पैजांपैकी पाच-सहा याच चुकीच्या होत्या: ज्याने जास्त वेळा पाडलं तो जिंकणार असं धरलं, आणि निकाल उलटा लागला. ही चूक त्याने स्वतःच शोधून सुधारली. वहीत डिसेंबरनंतर ती दिसत नाही.

म्हणजे त्याला लढत कळत होती. मग पैसे गेले कुठे?

पहिली पैज २१ ऑक्टोबर २०२३ ची, अबू धाबीतली. आपला अंशुल जुबली माइक ब्रीडनविरुद्ध होता आणि फेव्हरेट होता. सगळ्यांनी लावले तसे यानेही लावले. तिसऱ्या राउंडला जुबली नॉकआउट झाला. या पैजेवर फार बोलत नाही, कारण ती त्याने डोक्याने लावलेली नव्हती. पण तिच्या पानावर त्याने एक ओळ लिहिली होती, ती महत्त्वाची: 'आपल्या आयडीवर जुबलीचा भाव बाहेरपेक्षा कमी होता. का?'

का, ते साधं आहे. इथले सगळे पंटर जुबलीवर लावणार हे बुकीला माहीत होतं. मग तो भाव कशाला देईल? दारात गिऱ्हाईक उभं असताना यार्डात कोणी दर पाडत नाही.

आयडी म्हणजे काय ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक नंबर असतो, पैलवानाकडच्या नंबरच्या डीपीवर वाघ होता. त्यावर मेसेज टाकला की युजरनेम आणि पासवर्ड मिळतो. पैसे यूपीआयने भरायचे, आणि दर वेळी वेगळ्या माणसाच्या खात्यावर. आज कोणा किराणा दुकानाच्या नावाचा क्यूआर, उद्या कोणा बाईच्या नावाचा. काढताना पैसे असेच कुठूनतरी येतात. पैलवानाला ही गोष्ट कधी खटकली नाही. मला स्टेटमेंटच्या पहिल्या पानावरच खटकली, पण तेव्हा उशीर झालेला होता.

आता भावाकडे येतो, कारण सगळं प्रकरण तिथे आहे.

भाव म्हणजे उलटा लिहिलेला टक्का. १.४२ भाव म्हणजे जिंकलात तर लावलेल्या रुपयाचे मुद्दल धरून १.४२ हातात. आता १ ला १.४२ ने भागा, उत्तर ७०.४ टक्के. म्हणजे त्या भावाला लावणाऱ्याला शंभरातल्या किमान सत्तर-एकाहत्तर लढती जिंकाव्या लागतात, तेव्हा कुठे मुद्दल सुटतं. दोन्ही बाजूंचे टक्के मिळवले की बेरीज १०० च्या वर जाते, वरचा भाग बुकीचा. पैलवानाच्या शेवटच्या पैजेचं उदाहरण घ्या. बाहेरच्या मोठ्या साइटवर भाव होता १.५० आणि २.६५. बेरीज १०४.४. त्याच वेळी त्याच्या आयडीवर १.४२ आणि २.६०. बेरीज जवळपास १०९. वहीत दोन्ही भाव शेजारी शेजारी लिहिलेले होते. बेरीज मात्र त्याने कधी केलीच नव्हती. अडतीचा टक्का पैशापर्यंत पाठ असणारा हा मुलगा, पण इथली अडत किती कापली जातेय हे सहा महिने बघितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ते त्यांच्या भावातच असतंय, दिसत न्हाय." बरोबर आहे, दिसत नाही म्हणूनच चालतं.

पण अडतीने एकटीने हा खड्डा पडलेला नाही. खड्डा पडला तो 'भाव हलला' या शब्दांवर त्याने जो विश्वास टाकला त्यामुळे.

त्या विश्वासाचं मूळ एका खऱ्या घटनेत आहे. ५ नोव्हेंबर २०२२, लास वेगास. डॅरिक मिनर विरुद्ध चीनचा शायिलान नुअरदानबिएके. लढतीआधीच्या काही तासांत नुअरदानबिएकेचा भाव अमेरिकन पद्धतीने वजा २२० वरून वजा ४२० पर्यंत गेला. मिनरला दुखापत आहे अशी कुजबुज होती. पहिल्याच राउंडला मिनरने डाव्या पायाने किक मारली, पाय धरल्यासारखं केलं, आणि १ मिनिट ७ सेकंदांत लढत संपली. मिनरचा प्रशिक्षक जेम्स क्राउस बेटिंगचे सल्लेही द्यायचा. लढतींवर देखरेख करणाऱ्या नेवाडा राज्याच्या आयोगाने त्याचा परवाना निलंबित केला, त्याच्याकडे सराव करणाऱ्यांना लढू देणार नाही असं यूएफसीने जाहीर केलं, आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने काही काळ यूएफसीवरचं बेटिंगच थांबवलं. त्याआधी महिनाभरच यूएफसीने आपल्या लढवय्यांना यूएफसीवर पैजा लावायला बंदी केली होती.

पैलवानाने हे वाचलं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: 'भाव खोटं बोलत नाही.'

मी त्याला त्याच घटनेचा हिशेब मांडून दाखवला. वजा २२० म्हणजे आपल्याकडचा साधारण १.४५. हजार रुपयांना ४५५ सुटतात. वजा ४२० म्हणजे १.२४. हजाराला २३८. ज्याला आतली गोष्ट आधी कळली त्याने ४५५ घेतले. ज्याने भाव हललेला बघून मागून उडी मारली त्याला २३८, आणि जोखीम मात्र पूर्ण हजाराची. भाव खरं बोलला असेल, पण ते बोलण्याचे पैसे आधीच कोणीतरी घेऊन गेलेला होता.

यार्डातल्या माणसाला हे दुसऱ्या शब्दांत सांगता येतं. सौद्यात एखाद्या वक्कलाला, म्हणजे विकायला मांडलेल्या मालाला, अचानक पाचशेने वर पुकारा गेला तर चारचौघं माना वळवतात. पण जुना खरेदीदार आधी काय बघतो? पुकारा कोणी केला ते. मसाला कंपनीचा माणूस आहे, की कोणी आपलंच पोतं आपणच वर चढवतोय, की नवखा पोरगा हौसेने बोललाय? पाचशे तेच, अर्थ तीन. पैलवान हे दररोज डोळ्यांसमोर बघत होता. मोबाईलवर मात्र पुकारा करणाऱ्याचं तोंड दिसत नाही, नुसता आकडा दिसतो.

आकडा हलायची कारणं बरीच असतात. लढतीचे भाव आठ-पंधरा दिवस आधी उघडतात तेव्हा बुकी थोड्याच रकमा घेतो, म्हणून एखाद्या जाणकाराच्या लहानशा रकमेनेही भाव सरकतो. लढत जवळ आली की लिमिट वाढतं आणि हौशी पैसा येतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये बॉक्सर मेवेदर आणि यूएफसीचा मॅकग्रेगर यांची बॉक्सिंगची लढत झाली तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी मॅकग्रेगरवर बारीक बारीक पैजांचा पाऊस पाडला आणि मेवेदरचा भाव सैल होत गेला. ती हालचाल कोणाच्या ज्ञानाची नव्हती, प्रेमाची होती. मेवेदरने दहाव्या राउंडला काम संपवलं. शिवाय एका मोठ्या बुकीने भाव हलवला की बाकीचे त्याच्याकडे बघून हलवतात. पैलवान वीस साइट्सवर भाव पडलेला बघायचा आणि म्हणायचा, वीस जणांचं एकमत आहे. एकमत कसलं, एकाने शिंकलं आणि एकोणीस जणांनी रुमाल काढला.

दोन संध्याकाळी बसून मी त्याच्याच वहीवरून एक कोष्टक काढलं. मंगळवारी त्याने ज्याचं नाव लिहिलं होतं त्याच्यावरच रविवारी पैसे लावले, अशा पैजा २९. त्यातल्या १९ जिंकल्या. मंगळवारचा सरासरी भाव १.७२, त्याने प्रत्यक्षात घेतलेला सरासरी भाव १.४२. सारखी रक्कम धरली तर मंगळवारच्या भावाला शंभराचे ११३ झाले असते. रविवारच्या भावाला शंभराचे ९३.

आणि उरलेल्या १२? त्या बारांमध्ये मंगळवारी त्याने एकाचं नाव लिहिलं होतं, आणि आठवडाभर भाव दुसऱ्याकडे सरकला म्हणून रविवारी त्याने दुसऱ्यावर लावले. त्यातल्या ५ जिंकल्या. म्हणजे ७ वेळा त्याचं मूळचं मत बरोबर होतं.

हे त्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग पेन घेऊन ती सात पानं एकेक करून पुन्हा बघितली. "हा तर मला पक्का माहीत होता," एका पानावर बोट ठेवून म्हणाला. "हा पण."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. कोष्टक बघून पहिल्यांदा मलाही वाटलं की पोराच्या नजरेत दम आहे, नुसतं मंगळवारी लावायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर पुन्हा आकडे केले. २९ पैकी १९ ऐवजी १७ जिंकल्या असत्या तर तो सगळा नफा पुसला जाऊन हाती जवळपास मुद्दलच राहतं. दोन लढती, म्हणजे एक चुकलेला ठोसा आणि एका पंचाचं मत. एवढ्यावरून कोणाला जाणकार म्हणणं म्हणजे एका पावसावरून पीकपाण्याचा अंदाज. शिवाय मंगळवारचा भाव त्याने लिहिला होता तो बाहेरच्या साइटचा. त्याच्या आयडीवर मुख्य लढती बुधवारी उघडायच्या आणि आधीच्या लहान लढती थेट शनिवारी. २९ पैकी १८ पैजांत तो लवकरचा भाव त्याला कधी मिळणारच नव्हता. आणि जिथे लवकरचे भाव मिळतात तिथे सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाचं लिमिट बुकी कापतो, ही या धंद्यातली जगभरची रीत आहे.

आता शेवटची पैज. ती मार्च २०२४ मधली, आणि मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती तो जिंकला.

मुख्य लढतींपैकी एक होती. मंगळवारी त्याने लिहिलं: 'हाच. १.९०.' बुधवारी त्याच्या आयडीवर १.८० ने उघडली. लावले नाहीत, भाव काय म्हणतोय बघू म्हणून थांबला. शुक्रवारी रात्री, अमेरिकेत सकाळ असताना, वजनं झाली. ती त्याने तालमीतल्या मित्राबरोबर मोबाईलवर बघितली. ज्याच्याविरुद्ध त्याचं मत होतं तो माणूस काट्यावर आला तेव्हा समोर टॉवेल धरलेला होता. गाल आत गेलेले, ओठ पांढरे, काट्यावरून उतरताना पाय शोधत उतरला. पैलवानाने हे स्वतःच्या अंगावर काढलेलं आहे. ७४ मध्ये बसायला दोन स्वेटर घालून तालमीला फेऱ्या, तोंडात बर्फाचा खडा ठेवून थुंकायचा, आणि वजन झालं की उसाचा रस प्यायला तरी पोटात ठरत नाही. तो मित्राला म्हणाला, "ह्यानं पाणी लई काढलंय. ह्याला तिसरा राउंड न्हाय."

त्या क्षणी आयडीवर भाव १.७२ होता. जगातल्या फार थोड्या माणसांना जे दिसतं ते त्याला दिसलं होतं, आणि भाव अजून हललेला नव्हता.

त्याने लावले नाहीत. कारण? मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "मला वाटलं, खरं असंल तर भाव पडंलच की. मग लावतो."

शनिवारी सकाळी १.५५. रविवारी सकाळी लढतीआधी १.४२. आता खात्री झाली म्हणून त्याने ४०,००० लावले, एका लढतीवर आजवरची सगळ्यात मोठी रक्कम. त्यातले १५,००० हमालीचे होते, सोमवारी परत टाकायच्या बोलीवर, आणि ती बोली त्याने स्वतःशीच केलेली. समोरच्याला खरोखर तिसरा राउंड नव्हता. पैलवान जिंकला. ५६,८०० झाले, म्हणजे सुटले १६,८००. बुधवारीच लावले असते तर ३२,००० सुटले असते.

ही पैज धरून ४१ पैजांचा एकूण हिशेब: लावले २,१८,०००, आले १,९६,३००, गेले २१,७००. शेवटची पैज काढली तर चाळीस पैजांत ३८,५०० गेलेले. सरासरी १.४२ च्या भावाला मुद्दल सुटायला ४१ पैकी २९ जिंकायला लागतात. तो जिंकला २४. निम्म्याहून जास्त लढती जिंकणारा माणूस पैसे घालवतो, हे त्याला वही समोर असूनही पटत नव्हतं. कोण जिंकलं ते लक्षात राहतं, काय भावाने ते राहत नाही.

मंगळवारी त्याने पैसे काढले. तीन वेगवेगळ्या खात्यांवरून तीन तुकड्यांत आले. हमालीचे पंधरा हजार त्याने त्याच दिवशी फेडले. तीन आठवड्यांनी त्याचं खातं गोठलं. तिघांपैकी एका खात्यात परराज्यातल्या कोणा फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे आले होते. त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि तक्रारीचा माग त्या पैशाबरोबर खात्यामागून खातं करत सांगलीला पोचला. वादातली रक्कम १८,०००, पण शाखेने सगळ्या खात्यावरच व्यवहार थांबवले. त्यात पगार, आईच्या औषधाचे पैसे, आणि त्या आठवड्याची हमाली. त्यानंतर दोन दिवस यार्डात हमालांना मालकांनी रोख दिले, आणि तिथूनच गोष्ट बाहेर आली.

इथे कायद्याची बाजू थोडक्यात. पैजेचा करार आपल्या करार कायद्याच्या कलम ३० खाली निरर्थक, म्हणजे बुकीने पैसे बुडवले तर कोर्टात दाद नाही. जुगारबंदीचा मुंबईचा कायदा १८८७ चा. तेव्हा ऑनलाइन पैशांच्या खेळांवर वेगळा केंद्रीय कायदा नव्हता. तो २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन आला. त्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. पैलवानाला त्याचा उपयोग नव्हता. त्याची अडचण वेगळीच होती: खातं सोडवायचं तर हे पैसे कशाचे ते लिहून द्यायचं. आणि लिहायचं काय?

वकिलांनी सांगितलं, खरं तेच लिहा. खोटं लिहाल तर फसवणुकीच्या टोळीतले ठराल. वहीच्या त्या पानांच्या प्रती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, स्टेटमेंट, सगळं त्या राज्याच्या सायबर पोलिसांना ईमेलने आणि टपालाने गेलं. सात आठवड्यांनी बँकेने वादातले १८,००० अडकवून ठेवले आणि बाकी खातं मोकळं केलं. ते अठरा हजार मी हे लिहितोय तोवर अडकलेलेच आहेत. म्हणजे सुटलेल्या १६,८०० पेक्षा जास्तच.

मालकांनी त्याला कामावर ठेवलं, हमालीचा व्यवहार मात्र स्वतःकडे घेतला. पंधरा हजारांचं त्याने स्वतःहून सांगितलं. मालक एवढंच म्हणाले, "फेडलेस ना? मग लिही वहीत." तो संध्याकाळी गावच्या तालमीत लहान पोरांना शिकवतो, आणि वजन उतरवायला पोरांना पाणी तोडू देत नाही. लढती अजून बघतो. वहीतही मंगळवारी एक नाव लिहितो, पुढचे तीन रकाने कोरे ठेवून.

गेल्या महिन्यात दुकानात गेलो होतो तेव्हा त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. अनोळखी नंबरवरून मेसेज होता: 'भाऊ नवीन आयडी, पहिल्या डिपॉझिटला बोनस, काढायला दोन मिनिटं.' नंबर वेगळा होता. डीपीवरचा वाघ तोच होता.